तबलजीला सांगायचं राहून गेलं

काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि इकडे आमच्या बाबांनी अन्न टाकलं. पानावर बसायचे, पोळीचा तुकडा मोडायचे, आमटीत बुडवायचे आणि तसाच ठेवून द्यायचे. मग एका सकाळी आई ताट उचलता उचलता म्हणाली, "ऑपरेशन त्यांचं आहे. उपास तुमचा कशाला?"

"मी त्यांना कधी सांगितलंच नाही गं," बाबा म्हणाले.

काय सांगितलं नाही, हे आम्हा दोघींना विचारावं लागलं नाही. आमच्या घरात 'सांगणं' या शब्दाचा एकच अर्थ होता. पण वाचणाऱ्याला तो ठाऊक असण्याचं कारण नाही, तेव्हा जरा मागे जाते.

बाबा सोमवार ते शनिवार सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सणावारी कीर्तनकार. ख्रिस्ती कीर्तनकार म्हटलं की पुण्यातली माणसं अजूनही भुवया वर करतात. आम्ही मराठी ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि नाताळला, ईस्टरला त्या देवळात कीर्तन असतं. बुवा उभे, गळ्यात हार, हातात चिपळ्या, साथीला पेटी आणि तबला. आधी पूर्वरंग, त्यात तत्त्वज्ञान. मग उत्तररंग, त्यात आख्यान. अभंग, साक्या, दिंड्या सगळं तेच, फक्त आख्यान उधळ्या पुत्राचं नाहीतर हरवलेल्या मेंढराचं. बाबांचा आवाज चांगला होता आणि तो चांगला आहे हे त्यांना माहीत होतं. हा त्यांचा एकच दोष, असं आई म्हणायची. मला विचारलं असतं तर मी आणखी चार सांगितले असते.

त्या चारांतला मोठा म्हणजे, बाबांना कीर्तनाला कीर्तन लागत नसे. येशूनं आपल्यासाठी प्राण दिला, आपलं तारण झालं, ही आनंदाची बातमी आहे, आणि आनंदाची बातमी खिशात ठेवून फिरणारा माणूस कंजूष, असं त्यांचं सरळ गणित. त्यामुळे ते कोणालाही सांगत. कर्वेनगरहून मंडईला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला सांगत. घरी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला सांगत, तेही त्यानं सिलिंडर खांद्यावरून उतरवायच्या आत. मंडईत एका कोथिंबीरवाल्याशी त्यांचा जुना वाद होता. बाबा पापक्षमेवर आले की तो म्हणायचा, "बुवा, आधी जुडी घ्या. कोथिंबीर सुकती हाय. सर्ग कुटं पळून जातोय व्हय?" बाबा जुडी घ्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया त्याच मंडईत येत. बाबांचं सुरू झालं की मी भेंडी निवडायला दुसऱ्या गाळ्याकडे जायची. आमच्याकडे तेव्हा भेंडीची भाजी फार व्हायची.

लोक रागवायचे का? क्वचित. एकदा सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी बाबांचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "झालं? मग आता माझ्या पायावरून आपली पिशवी काढा." बाबांनी पिशवी काढली, माफी मागितली, आणि घरी येऊन हा किस्सा स्वतःच हसत हसत सांगितला. त्यांना अपमान चिकटतच नसे. तेलकट भांड्यावरून पाणी जावं तसा तो निघून जाई.

असा माणूस आपल्या सगळ्यात जवळच्या मित्राला सांगायचं विसरला होता. विसरला म्हणजे काय, टाळत आला होता.

हे मित्र म्हणजे काका. बाबांच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर बसायचे, सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहायचे, आणि एका भजनी मंडळात तबला वाजवायचे. माझ्या जन्माआधी कधीतरी, ऐन नाताळच्या तोंडावर बाबांच्या तबलजीची बदली झाली. बाबा कचेरीत डोक्याला हात लावून बसले होते. तेव्हा काका फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "बुवा, मला देवातलं कळत नाही, तालातलं कळतं. तुमच्या येशूला चालत असेल तर मी येतो." ते आले आणि मग येतच राहिले. मानधन म्हणून नारळ आणि रिक्षाचं भाडं. रिक्षा ते कधी करत नसत, सायकलवर डग्गा बांधून यायचे, पण भाडं मात्र घ्यायचे. काका अंडं खात नसत, म्हणून आई नाताळात त्यांच्यासाठी रव्याचा बिनअंड्याचा केक वेगळ्या डब्यात करायची. काका तो चवीनं खायचे आणि म्हणायचे, "वहिनी, शिरा छान झालाय. जरा कडक आहे एवढंच."

इतक्या वर्षांची मैत्री, पण दोघं एकमेकांना 'अहो' म्हणत. बाबा त्यांना पंत म्हणायचे आणि ते बाबांना बुवा. भांडतानाही 'अहो' सुटायचं नाही. त्यामुळे त्यांची भांडणं ऐकायला फार मजा यायची.

आणि आता काकांच्या छातीत कळ आली, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी लवकरात लवकर ऑपरेशन करायला सांगितलं. वय झालेलं, साखर वाढलेली. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन धोका आहे म्हणून सांगितलं होतं.

"म्हणजे तुम्ही आता दवाखान्यात जाऊन त्यांना सांगणार?" मी बाबांना विचारलं.

"सांगायला नको?"

"नको," मी म्हणाले. मला मनापासून राग आला होता. "बसमधला माणूस पुढच्या स्टॉपला उतरू शकतो. कोथिंबीरवाला तोंड फिरवू शकतो. काका हाताला सुई लावून पडलेत बाबा, ते कुठे जाणार? ज्याला उठून जाता येत नाही त्याला उपदेश करू नये. आणि त्यांच्या मुलाला काय वाटेल? माणूस आजारी पडायचीच वाट बघत होते, असंच ना?"

माझं त्यांना पटत होतं, हाच तर घोळ होता. ते जे मानत होते ते खोटं असतं तर प्रश्नच नव्हता. पण त्यांच्या दृष्टीनं ते खरं होतं, पाण्याच्या भांड्याइतकं खरं, आणि तहानलेल्या मित्राशेजारी बसून त्यांनी ते भांडं पुढे केलं नव्हतं. सांगितलं तर मैत्री जायची भीती. नाही सांगितलं आणि काका ऑपरेशनमधून उठलेच नाहीत, तर?

आई पोळपाट धुवत होती. ती म्हणाली, "तू म्हणतेस ते शहाणपणाचं आहे. पण त्यांना न सांगताच ते गेले, तर हा माणूस पुढे जगेल कसा, ते पण सांग."

मी धुतलेला पोळपाट पुसायला घेतला.

शेवटी आईनं ठरवलं की बाबा जातील तेव्हा मी बरोबर जायचं. कशासाठी, हे तिनं स्पष्ट केलं नाही. बाबांना बोलू द्यायला की गप्प करायला, ते तिनं माझ्यावर सोडलं.

दवाखान्याच्या जिन्यातच काकांचा मुलगा भेटला. बँकेत नोकरी, माझ्याहून थोडा मोठा, स्वभावानं सरळ. वडिलांना तो अण्णा म्हणायचा. बाबा पुढे गेले तसं त्यानं मला थांबवलं. "राग मानू नकोस. बुवांना मी लहानपणापासून ओळखतो. पण एवढं बघ, आत कीर्तन नको. अण्णा आधीच बोलत नाहीयेत कोणाशी. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात."

"मी आहे ना," मी म्हणाले. आणि खरंच ठरवलं की आज बाबांना विषयाच्या जवळपासही फिरकू द्यायचं नाही.

माझी काही गरजच पडली नाही. बाबांनी मोसंब्यांची पिशवी ठेवली, स्टुलावर बसले आणि जगातल्या तमाम बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर बोलू लागले. कचेरीतला जुना पंखा. आमच्या सोसायटीची बोअरवेल. मंडईत मटारचे भाव. मी एवढं निरर्थक बोलताना बाबांना कधीच ऐकलं नव्हतं. काका भिंतीकडून तोंड वळवून त्यांच्याकडे बघत होते. चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती, पण डोळे तेच, समेवर नजर ठेवणारे. मी मोसंबं सोलत होते आणि मनात म्हणत होते, चालू दे, मटारच चालू दे.

भेटीची वेळ संपायला आली. बाबा उठले, पिशवीची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

"बुवा," काका म्हणाले, "आज पूर्वरंग फार लांबला. उत्तररंग कधी?"

"कसला उत्तररंग?"

"खाली बसा."

बाबा बसले.

"कोथिंबीरवाल्याला सांगितलंत," काका बोलायला लागले. आवाज बारीक होता, पण धार होती. "गॅसवाल्याला सांगितलंत. आपल्या साहेबांना सांगितलंत, त्यात तुमचं प्रमोशन वर्षभर लांबलं. सदाशिव पेठेत ज्यांच्या पायावर पिशवी ठेवली त्यांनाही सांगितलंत. मला नाही सांगितलंत कधी. मी विचार करतोय इथे पडून, की का बरं? पुण्यात तबलजी मिळत नाही म्हणून मला स्वर्गाबाहेर ठेवलंत होय?"

मला हसू आलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पंत, असं कसं म्हणता? माझी सगळी कीर्तनं तुम्ही ऐकलीत. मला वाटलं, आता आणखी काय सांगायचं..."

"ऐकली?" काका म्हणाले. "अहो, मी वाजवत होतो. तुम्ही तोंड करता लोकांकडे. माझ्याकडे तुमची पाठ. इतकी वर्षं मी तुमच्या पाठीला साथ केली. तो उधळा पोरगा घरी परत येतो ना, तेव्हा लोक रडतात. मला एवढंच ठाऊक की बाप धावत निघाला की दुगुन लावायची, लय दुप्पट करायची."

कीर्तन करणाऱ्या माणसाकडूनच ही चूक व्हावी. समोर चार डोकी असली तरी त्यांच्यासाठी जीव ओतायचा, आणि पाठीमागे हातभर अंतरावर बसलेला माणूस ऐकणाऱ्यांत धरायचाच नाही. तो साथीदार. तो आपलाच. त्याला काय सांगायचं?

बाबांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मी आडवी येणार होते, ते मीच विसरून गेले होते. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या कुठल्याही कीर्तनात बसलं नसतं. चाल नव्हती, दृष्टांत नव्हता, हातवारे नव्हते. आवाजही त्यांचा नेहमीचा नव्हता.

"मी काही चांगला माणूस नाही, पंत. तुम्ही मला कचेरीत बघितलंय. माझा राग बघितलाय, माझा मोठेपणाचा सोस बघितलाय. मला जे मिळालं ते माझ्या लायकीनं मिळालेलं नाही. येशूनं माझ्याऐवजी शिक्षा घेतली आणि देवानं मला मोकळं केलं, असं मी मानतो. मानतो म्हणजे त्याच्या जोरावर रोज सकाळी उठतो. ते तुमच्यासाठीही आहे. एवढंच आहे. घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही घेतलंत, तरी मी उद्या येणार. मटारचे भाव सांगायला."

"मटार नको," काका म्हणाले.

मग ते छताकडे बघत राहिले. बाहेर नर्स लोकांना उठवत होती. मला वाटलं, संपलं, सुखरूप संपलं. तेवढ्यात काकांनी विचारलं, "आणि ही?"

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी स्वयंपाक करता करता गेल्या. बाबा तेव्हा काकांबरोबर स्मशानात होते, दहाव्याला नदीवरही होते.

"तिला तर कोणी काही सांगितलं नव्हतं," काका म्हणाले. "रोज देवपूजा करायची. मुंगीला सुद्धा कधी दुखावलं नाही तिनं. तुमच्या हिशेबात ती कुठे आहे, बुवा? नीट सांगा. गोड सांगू नका."

बाबांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. देवळातले पाळकसाहेबसुद्धा अडले तर बाबांना विचारायचे. आता बाबा बायबलमधली वचनं सांगायला लागतील, आणि ती बरोबर असतील नसतील, पण हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करील, आणि कदाचित तसाच ऑपरेशनला जाईल.

बाबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

काकांनी मान वळवली.

"खरंच माहीत नाही, पंत. माहीत आहे म्हटलं तर ती माझी फुशारकी होईल. पण वहिनी ज्याच्या हातात आहेत त्याला मी ओळखतो. तो माझ्यापेक्षा पुष्कळ दयाळू आहे. वहिनींना मी सुद्धा बाहेर उभं केलं नसतं हो."

काकांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही. हाताला सुई होती, पुसता आलंही नसतं. मी पुसलं.

"हे बरं केलंत," थोड्या वेळानं ते म्हणाले. "इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून 'माहीत नाही' पहिल्यांदा ऐकलं. आता बाकीच्यावर विश्वास ठेवायचा की नाही याचा विचार तरी करता येईल. जा आता, जेवा. तुमच्या घरून वहिनींनी निरोप पाठवला होता, उपास चाललाय म्हणे."

आम्ही उठलो तेव्हा दारात काकांचा मुलगा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तो बाबांना वाट देत म्हणाला, "सावकाश उतरा बुवा, जिन्यात दिवा नाहीये." मग मला हळूच म्हणाला, "दवाखान्यात आले तेव्हापासून एवढे बोलले नव्हते गं अण्णा."

रस्त्यावर आल्यावर बाबा थेट वड्याच्या गाडीपाशी जाऊन थांबले. गाडीवरचं खाणं त्यांना वर्ज्य होतं, पोट बिघडतं म्हणून. त्यांनी दोन वडे खाल्ले, मिरचीसकट, आणि तिसरा मागवला. माझ्या अंगावरून कोणी ओलं कांबळं काढून घ्यावं तसं मला हलकं वाटत होतं. राग कुठे गेला ते कळलं नाही. तो गाडीवाला रिकामाच होता, पण बाबांनी त्याला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "वडा चांगला झालाय हो." तोही खूश झाला.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर होतो. मुलानं गणपतीचा अंगारा आणला होता, तो काकांच्या उशाखाली ठेवून आला. बाबा ओठ न हलवता प्रार्थना करत होते. आई दोघांनाही चहा पाजत होती. डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "ठीक झालं. आता काळजीचं काही नाही." बाबांनी काकांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघंही लहान मुलांसारखे रडले. मीही रडले. इतका सुटल्यासारखा आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे, आणि तो आजही सांगताना तसाच होतो.

काका घरी आल्यावर एका दुपारी मी त्यांच्यासाठी मुगाची खिचडी घेऊन गेले. ते खिडकीजवळ आरामखुर्चीत बसले होते. दवाखान्यातलं बोलणं मला अजून टोचत होतं. न राहवून मी विचारलं, "काका, बाबा त्या दिवशी जे बोलले, त्याचं वाईट नाही ना वाटलं? तुम्ही आजारी, त्यात हे."

"तू नको म्हणत होतीस ना त्यांना?"

"हो."

"तुझं बरोबर होतं," काका म्हणाले. "पण मला काय वाटलं ते ऐक. डॉक्टरला ऑपरेशन संपेपर्यंतची काळजी होती. मुलाला मी घरी येईपर्यंतची. त्यांची काही चूक नाही, माणूस तेवढीच करतो. तुझा बाप मी मेल्यानंतरची काळजी करत होता. जेवण टाकून. अशी काळजी करणारा माणूस किती जणांना मिळतो?"

मी खिचडी वाढली. त्यांनी एक घास खाल्ला, मीठ कमी आहे असं तोंड केलं, आणि वाकून मला जवळ बोलावलं.

"मी अजून काही मानलेलं नाही. पण हे तू त्यांना सांगू नकोस. त्यांना विचारू दे. आजवर ते नुसतं सांगत आले, आता त्यांना विचारता येतं."